गांडीव दुसऱ्याला द्या

मला दसरा आवडत नाही. हे चारचौघींत बोलून दाखवलं की बायका माझ्याकडे अशा बघतात, जशी काही मी चपला घालून देवघरात शिरले आहे. म्हणून हल्ली बोलत नाही. तोरण बांधते, पुरण घालते, सोनं वाटते आणि मनातल्या मनात चरफडते.

यंदा तर विचारूच नका. स्वराज्य आलं, त्यातला हा पहिला दसरा, म्हणून बेळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी कमान उभारली आहे. पण अधिक श्रावण आल्यामुळे दसरा पार लांबला आणि परतीचा पाऊस जायचं नाव घेत नाही. कमानीचे रंगीत कागद भिजून खाली लोंबताहेत, पोरं ते पुन्हा पुन्हा चिकटवताहेत. सगळे खुशीत आहेत. मी मात्र सकाळपासून भांडी आदळते आहे. धाकटी म्हणाली, "आई, आज कुणाचा राग आलाय तुला?" मी म्हटलं, "पावसाचा." अर्जुनाचा आलाय असं सांगितलं असतं तर तिने मला वेड्यातच काढलं असतं.

लहानपणी माझा अर्जुनावर काही राग नव्हता. उलट पाचांत तोच आवडायचा. माझे वडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत होते. चातुर्मासात ते घरी पोथी वाचत. अंगाला तंबाखूचा वास, आवाजात खाकरणं, पण गांडीव आलं की आवाज एकदम मोकळा व्हायचा. ब्रह्मदेवाने घडवलेलं ते धनुष्य, देवादेवांच्या हातांतून फिरत वरुणाकडे आलेलं. अग्नीला खांडववन जाळायचं होतं तेव्हा त्याने ते वरुणाकडून मागून अर्जुनाला दिलं. म्हणजे मुळात उसनं. पण ते आम्हाला तेव्हा कुठे सुचायला! त्याच्या दोरीचा आवाज ऐकून हत्ती माघारी पळायचे, एवढंच आम्हाला पुरे होतं. आई शेंगा फोडता फोडता थांबायची.

मग माझं लग्न झालं आणि खरंखुरं गांडीव माझ्या सासरी निघालं.

आमचं सासरचं गाव कंग्राळीच्या पलीकडे, मार्कंडेय नदीच्या अंगाला. चारी बाजूंनी भात. गावाच्या कडेला पार बांधलेली जुनी शमी आहे, तिला तिकडे बन्नी म्हणतात. अज्ञातवासाला जाताना पांडवांनी शस्त्रं ठेवली ती याच झाडावर, अशी गावाची पक्की खात्री. अशी खात्री असलेली गावं आमच्या मुलखात किती आहेत, ते मोजायला बसू नये. तेवढ्या ठिकाणी पांडव थांबले असते तर अज्ञातवासाचं वर्ष झाडावर चढण्या-उतरण्यातच संपलं असतं. मी हे एकदा ह्यांना म्हणून दाखवलं. हे हसले आणि लगेच म्हणाले, "आप्पांच्या पुढं बोलू नगंस."

आप्पा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणायची. गांडिवाचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. देवळाच्या माळ्यावर कांबळ्यात गुंडाळलेलं, माणसाहून उंच असं बांबूचं ते धनुष्य वर्षभर पडून असायचं. खंडेनवमीला ते खाली उतरवायचं, तेल पाजायचं, पिंजाऱ्याकडून आणलेली नवी तात, म्हणजे आतड्याची दोरी, चढवायची. दसऱ्याला मामंजींनी बन्नीच्या पारावर उभं राहून एक बाण मारायचा. बाण ओढ्यावरून जाऊन पलीकडे शिवेच्या दगडाबाहेर, कडोलीच्या अंगाला पडला की शीव सुटली. मग लोक एकमेकांना बन्नीची पानं द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाचा विळा भाताला लागायचा. त्याआधी नाही. बाण शीव ओलांडत नाही तोवर एक लोंबी कापायची नाही. कुणी पूर्वी कापली होती म्हणे, तर त्याची बैलजोडी बसली ती उठलीच नाही. कोण तो, कधी, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. बैल मात्र सगळ्यांना दिसत होते.

माझ्या लग्नानंतरचा तो दुसरा दसरा. तेव्हाही अधिक श्रावणच आला होता. दसरा लांबला, पण भाताला कुठे पंचांग कळतं? ते आपल्या वेळेला पिकलं. अख्खं शिवार पिवळं झालं आणि वास असा सुटला की घरात चूल फुंकतानाही तो नाकात यायचा. कणगीत मागच्या वर्षीचं भात तळाला लागलेलं. भिंतीवर धार लावून ठेवलेले विळे ओळीने टांगलेले. त्यांच्यावर दमट हवेने तांबूस पुटं चढायला लागली, तशी मी ती राखेने घासायची आणि परत टांगायची. आणि पाऊस. दुपारपर्यंत ऊन, घामाच्या धारा, मग नदीच्या बाजूने काळं भरून यायचं आणि उभं पीक झोडपून जायचं. वाकळा वाळत नव्हत्या, जळण पेटत नव्हतं. दसऱ्याची वाट मी जन्मात तेवढी कधी पाहिली नव्हती.

दसरा उजाडला. वाजतगाजत गाव बन्नीकडे गेलं. आम्ही बायका आरतीची ताटं घेऊन एका अंगाला उभ्या. मामंजी पारावर चढले. उंच माणूस, पांढरा फेटा, कपाळाला भंडारा. त्यांनी बाण लावला, तात ओढली, सोडली. बाण ओढ्यात पडला.

पहिल्या दिवशी कुणाला काही वाटलं नाही. तात भिजली असेल. पाऊसच तसा होता. बाण अलीकडे पडला तर मानकऱ्याने उपास धरायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा मारायचा, अशी रीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढ्यात. तिसऱ्या दिवशी ओढ्यापर्यंतही नाही. मग चर्चा सुरू झाली. तात पिंजाऱ्याने खोटी दिली. बांबूला भोक पडलं. कुणीतरी विटाळ कालवला. कुणीतरी नारळ नासका फोडला. जाणती माणसं देवळात बसून एकेका कारणाचा कीस पाडत होती, आणि बाहेर भात आडवं पडत होतं.

मला तर तात आणि बांबूची गोष्ट पहिल्या दिवसापासूनच पटली नव्हती. कारण दसऱ्याच्या सकाळी मी परसातून घरात आले तेव्हा आत्ती, म्हणजे सासूबाई, मामंजींना फेटा बांधून देत होत्या. ते स्वतःचा फेटा स्वतः बांधणारे. भाद्रपदात बांधावरून पाय घसरून ते खांद्यावर पडले होते. चार दिवस निरगुडीचा शेक घेतला आणि बरं वाटतंय म्हणून सोडून दिलं. बरं कसलं! उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता.

मी आत्तींना चुलीपाशी गाठलं. "आत्ती, मामंजींचा हात वर जाईना झालाय."

आत्तींनी भाकरी थापायची थांबवली नाही. "ठावं हाय मला."

"मग गावाला सांगा की. तातीला कशाला दोष द्यायचा?"

"गप बस गं. कोण सांगणार? आनि काय सांगणार? गांडीव दुसऱ्याला द्या म्हनून?"

इथे सगळं घोडं अडलं होतं. अर्जुनाची प्रतिज्ञा होती: गांडीव दुसऱ्याला दे असं जो म्हणेल त्याचं डोकं उडवीन. पोथीत ते येतं. कर्णाकडून मार खाऊन शिबिरात पडलेला धर्मराज चिडून म्हणतो, तुझ्याने होत नसेल तर ते गांडीव दुसऱ्या कुणाला तरी दे. आणि अर्जुन सख्ख्या थोरल्या भावावर तलवार उपसतो. कृष्ण मध्ये पडला म्हणून निभावलं. ही गोष्ट आमच्या गावाने पोथीतच ठेवली असती तर काही बिघडलं नसतं. पण मानाबरोबर त्यांनी ती प्रतिज्ञाही उचलली होती. मानकऱ्याला ते वाक्य कुणी कधी बोलायचं नाही. त्याने आपण होऊन दिलं तर दिलं, नाहीतर त्याच्या मरणानंतर मुलाकडे जाणार. तोवर तोंड बंद.

डोकं उडवलं जाईल अशी भीती कुणालाही नव्हती. मामंजींनी उभ्या आयुष्यात कोंबडीदेखील स्वतःच्या हाताने कापली नव्हती. भीती होती ती त्यांचा अपमान होण्याची. आणि गंमत अशी, की दररोज दुपारी गावासमोर ज्यांचा बाण चिखलात पडत होता, त्यांचा अपमान होऊ नये म्हणून सगळे जपत होते.

मी ह्यांच्यामागे लागले. हे बेळगावच्या कॅम्पात एका दुकानात हिशेब लिहायला होते, सणाला म्हणून आलेले आणि अडकलेले. अंगाने दणकट. त्यांनी एकदा ओढली असती तात, तर काम झालं असतं.

"तुम्ही थोरले. तुम्ही मागा की."

"मी मागू? जिता बाप असताना?"

"मग थोडं पुढं उभं राहून मारायला सांगा. ओढ्याच्या काठावर."

"पाय पारावरच पाहिजेत."

"का?"

"का म्हंजे? तसंच हाय ते."

त्या 'तसंच हाय' वर डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं. रानात पाणी चढतंय, पीक डोळ्यांदेखत जातंय, घरात विळे आहेत, विळे धरायला हात आहेत, आणि सगळं गाव हातावर हात ठेवून बसलंय. एका थकलेल्या माणसाला एक वाक्य ऐकवायचं नाही म्हणून. मी माहेरी निपाणीला असते तर ओरडले असते. तिथे पान पिकलं की खुडतात. तंबाखूला कुणाच्या बाणाची वाट बघावी लागत नाही.

त्यात कल्लाप्पा. त्याचं रान ओढ्याला लागून, सगळ्यात सखल. त्याचं भात सगळ्यांत आधी लोळलं आणि पाण्यात बसलं. तो दररोज सकाळी आमच्या दाराशी यायचा. हातात चार लोंब्या. दाण्यांना लोंबीतच मोड आलेले, पांढरे, बारीक. त्या तो कट्ट्यावर मामंजींसमोर ठेवायचा आणि बसायचा. शब्द नाही. मामंजी लोंब्यांकडे बघायचे, मग आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "आज उघडंल आसं वाटतंय." कल्लाप्पा म्हणायचा, "व्हय आप्पा." आणि उठून जायचा. मी दाराआड उभी राहून दात-ओठ खायची. अरे बाबा, बोल की! तुझं रान, तुझी पोरं, वर्षाचं अन्न. पण तो कसला बोलतोय! मी त्या लोंब्या झाडूने गोळा करून गाईपुढे टाकायची. दिवसागणिक मोड लांब होत गेले.

एक मात्र सांगायला हवं. मामंजी दुष्ट नव्हते. हेकटही नव्हते एरवी. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला बेळगावी बोलणं कळेना. 'काय करूलालीस', म्हणजे काय करते आहेस, असं म्हटलं की मी गोंधळायची, तेव्हा तेच समजावून सांगायचे आणि मोठ्याने हसायचे. जेवताना मला विचारल्याशिवाय दुसरी भाकरी घ्यायचे नाहीत, घरात पुरेल ना म्हणून. त्या दिवसांत ते उपाशीपोटी पारावर चढायचे आणि उतरताना त्यांचा ओठ थरथरायचा. मला त्यांची दया येत होती आणि रागही येत होता. दोन्ही एकाच वेळी आले की माणसाचं फार वाईट होतं.

पोथीत गांडिवाचा शेवटही आहे, पण तो भाग कुणी चवीने वाचत नाही. कृष्ण गेला, द्वारका बुडाली, आणि अर्जुन तिथल्या बायकांना घेऊन निघाला. वाटेत लुटारू आले. हातात साध्या काठ्या. अर्जुनाने गांडीव उचललं तर दोरी चढेना. कशीबशी चढवली तर अस्त्रं आठवेनात, मग बाण संपले. शेवटी त्या दिव्य धनुष्याच्या टोकाने तो लोकांना बडवत होता. बायका डोळ्यांदेखत पळवून नेल्या. वडील हा अध्याय भराभरा वाचून संपवायचे. मला मात्र हल्ली तोच आठवतो. त्या बायकांना काय वाटलं असेल? ज्याच्या भरवशावर निघालो त्याचा हात चालेनासा झालाय, हे तो निघण्याआधी का नाही बोलला? आणि बरोबरचं कुणीच कसं नाही बोललं? ते पोथीत नाही.

दसरा होऊन आठवडा उलटला. त्या दिवशी दुपारी पाऊस नव्हता. स्वच्छ ऊन होतं. तात नवी, बेळगावहून मुद्दाम आणवलेली, कोरडी खडखडीत. म्हणजे दोष द्यायला काही उरलंच नव्हतं. मामंजींनी बाण लावला. तात निम्मीही ओढली गेली नाही. हात कापायला लागला, त्यांनी डोळे मिटले आणि सोडली. बाण पाराच्या पायथ्याशी, लोकांच्या पायांत पडला. एक म्हातारे लगेच म्हणाले, "उन्हानं बांबू वाळलाय. तेल कमी पडलं."

ते तेल ऐकलं आणि माझ्या हातातलं ताट मी शेजारणीच्या हातात दिलं. डोक्यावरचा पदर सारखा केला तेवढंच भान होतं. पुढे झाले. पाराच्या खाली उभी राहिले आणि म्हणाले, "मामंजी, हात दुखतोय तुमचा. गांडीव दुसऱ्याला द्या."

 हे माझ्याकडे असे बघत होते, जणू मी कोण त्यांना ठाऊकच नाही. मामंजींनी मान खाली करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कशाने, ते मला आजपर्यंत सांगता आलेलं नाही. मग त्यांनी गांडीव पारावर आडवं ठेवलं. कुणाच्या हातात दिलं नाही, नुसतं ठेवलं. खाली उतरले आणि एकटेच घराकडे चालू लागले.

जाणत्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी कुणीतरी ह्यांना पुढे ढकललं. ह्यांनी गांडीव उचललं, तात कानापर्यंत ओढली आणि बाण सोडला. तो ओढ्यावरून गेला, शिवेच्या दगडावरून गेला आणि पलीकडच्या रानात कुठे पडला ते शोधूनही सापडलं नाही. इतकं सोपं होतं ते. लोक ओरडले, हलगी कडाडली, पानं खुडली गेली. मला रडू फुटलं आणि बायकांना वाटलं मी भ्याले. मी भ्याले नव्हते. एवढ्यासाठी का? एवढ्यासाठी इतके दिवस?

दुसऱ्या दिवशी विळे लागले. उंचावरच्या रानांनी निम्मं-अधिक दिलं. आमचं बरंचसं काळं पडलं होतं, तांदूळ कांडताना तुकडे व्हायचे आणि भाताला वर्षभर कुबट वास येत राहिला. कल्लाप्पाच्या रानात कापायला काही नव्हतं. त्याने कुजलेलं पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, तेवढं गुरांसाठी ओढून काढलं. पाण्याला जाताना तो मला वाटेत भेटला. मला वाटलं, हा तरी बरं बोलेल. तो थांबला, जमिनीकडे बघत म्हणाला, "वैनी, चार दिस आदी बोलला आसता तर."

मी! परक्या गावची, काल आलेली सून! सगळे मिशीवाले तोंड शिवून बसले होते, आणि चार दिवस आधी बोलायचं होतं ते मी. मला इतका संताप आला की घागर तिथेच टाकून परत आले. आणि संताप येण्याचं खरं कारण हे, की त्याचं म्हणणं बरोबर होतं.

मामंजींनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलं. माझ्या हातचं जेवत होते, माझी मुलं मांडीवर घेत होते. पण मला काही सांगायचं असलं की भिंतीकडे तोंड करून आत्तींना सांगायचे. आम्ही पुढे बेळगावात बिऱ्हाड केलं. सणासुदीला गेले की मी पाया पडायची. ते हात वर करून आशीर्वाद द्यायचे, तोही मुक्याने. माफी मागावी असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. अर्जुनालाही शेवटी गांडीव सोडावंच लागलं. अग्नी स्वतः वाट अडवून उभा राहिला आणि म्हणाला, वरुणाचं वरुणाला परत कर. अर्जुनाने निमूटपणे ते पाण्यात टाकलं. अग्नीवर काही तलवार उपसली नाही.

काही वर्षांनी मामंजी गेले. न बोलताच गेले. तेराव्याला सोप्यात माणसं जमली होती आणि मी आत आत्तींजवळ बसले होते. कपाळ मोकळं झालेल्या त्या बाईकडे बघवत नव्हतं. मी म्हटलं, "आत्ती, शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत माझ्याशी. एवढं काय मी वाईट बोलले होते?"

आत्ती बराच वेळ पदराच्या टोकाला गाठ मारत होत्या, सोडत होत्या.

"वाईट कुटलं गं? मी तेच बोलत हुते की. दसऱ्याच्या आदल्या दिशीपास्नं, रोज रातीला गुपचूप शेक देताना सांगायची. हात उचलंना झालाय, द्या पोराच्या हातात. निस्तं हूं म्हनायचे आनि कूस बदलायचे. राग सुदीक आला न्हाय कदी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुज्यावर राग तरी धरला की गं त्येंनी."

 बाहेर पानं मांडून झाली होती आणि कुणीतरी आम्हाला हाका मारत होतं. आम्ही दोघी वाढायला उठलो.